कलबूत : आकाराआधीचा आकार

मुंबईहून येणारा पूर्व द्रुतगती महामार्ग ठाण्यात माजिवड्याच्या नाक्यावर पोहोचतो आणि तिथून एक वाट नाशिककडे, दुसरी घोडबंदरकडे फुटते. या नाक्यावर, उड्डाणपुलाच्या सावलीत, एक चर्मकार आपली पेटी मांडून बसतात. पावसात भिजून आकसलेला बूट घेऊन आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा त्यांनी पेटीतून लाकडाचे एक पाऊल काढले, बुटात घट्ट बसवले आणि म्हणाले, "दोन दिवस फर्म्यावर राहू द्या, सर. चामडं ओलं असतं तेव्हाच ऐकतं. एकदा वाकडं सुकलं की मग नाही ऐकत."

फर्मा हा शब्द आमच्या परिचयाचा होता, पण छापखान्यातला. सोळा पानांचा फर्मा, फर्मे मोजून ठरणारी पुस्तकाची किंमत. ज्या शब्दाने आपण आजवर ग्रंथांची जाडी मोजली, तोच कोणाच्या तरी हातात पावलांचा आकार होऊन वावरत होता. या लाकडी पावलाचे जुने नाव कलबूत, किंवा कालबूत. जोडा शिवताना ज्यावर चामडे चढवतात आणि शिवलेला जोडा आकार सोडू लागला की ज्यावर पुन्हा चढवतात, तो साचा. या साच्याचा इतिहास आम्हांस वाङ्मयाच्या अभ्यासकांनी पाहावा असा वाटतो. कारण आकार कोणी ठरवायचा, हा आपलाही प्रश्न आहे.

आरंभ शब्दापासून करू. कालबूत आपल्याकडे फारसीतून आला. फारसीत 'कालबुद' म्हणजे साचा, आणि देहही. कोशकार त्याचे मूळ ग्रीक भाषेत दाखवतात. तिथे हा शब्द 'लाकडी पाऊल' अशा अर्थाच्या जोडशब्दापासून बनला. प्लेटोच्या 'सिम्पोझियम'मध्ये अ‍ॅरिस्टोफेनिस एक कथा सांगतो. झ्यूसने माणसाचे दोन तुकडे केले आणि अपोलोने त्यांच्या छातीवरच्या सुरकुत्या उपकरणाने गुळगुळीत केल्या. चांभार कलबुतावर चामड्याच्या सुरकुत्या काढतात, तशाच उपकरणाने. तत्त्वज्ञानाच्या त्या मैफलीत चांभाराचे लाकडी पाऊल असे येऊन जाते. पुढे फारसीत तोच शब्द आत्म्याचे वसतिस्थान असलेल्या देहाला लागला, यात आम्हांस विलक्षण संगती दिसते. इंग्रजीत याच वस्तूला जो शब्द आहे, त्याच्या मुळाशी पाऊलखूण हा अर्थ आहे. एका परंपरेने साच्यात देह पाहिला, दुसरीने देह निघून गेल्यानंतरची खूण पाहिली.

हिंदीत कालबुताचा आणखी एक अर्थ रूढ झाला : कमान बांधताना तिच्याखाली दिलेला तात्पुरता आधार. सतराव्या शतकातल्या बिहारीने आपल्या सतसईत दूतीला हीच उपमा दिली आहे. दूतीवाचून प्रेमाची कमान जुळत नाही, पण ती पक्की झाली की दूतीला दूर व्हावेच लागते. कलबुताचे सारे प्राक्तन या उपमेत आले आहे. ज्याने आकार दिला, त्याने आकार सिद्ध होताच बाहेर पडायचे.

हे बाहेर पडणे वाटते तितके सोपे नाही. बुटाचे तोंड अरुंद आणि आतला भाग रुंद. त्यात बसलेले अखंड लाकूड निघेल कसे? म्हणून कारागिरांनी पायाच्या उंचवट्याकडची पाचर वेगळी कापली. आधी पाचर काढायची, मग उरलेले लाकूड. पुढे मधोमध बिजागरी आली. शिवाय कलबूत ही पावलाची हुबेहूब प्रतिकृती कधीच नसते. चालताना पाऊल पुढे सरकते, म्हणून बोटांपुढे मोकळी जागा सोडावी लागते. पाऊल सहज उचलले जावे म्हणून चवडा किंचित वर उचललेला असतो. टाचेच्या उंचीप्रमाणे सारा बाक बदलतो. जे पाऊल आहे आणि जे चालणार आहे, त्या दोहोंमधली ही तडजोड आहे. घरी जोड्यात घालून ठेवायचे स्प्रिंगचे लाकूड हे याच कलबुताचे धाकटे भावंड. घामाने ओलावलेले चामडे सुकताना आकसते आणि सुरकुततेही. सुकेपर्यंत त्याला ताणून धरणे एवढेच त्याचे काम.

बलुतेदारीच्या गावात चांभार ज्यांचे जोडे शिवी, ती पावले त्याच्या ओळखीची असत. तो माणूस गावाबाहेर राही, पण गावाच्या पावलांची मापे त्याच्या हातांत असत. पायतळी जे येते त्याला आपल्या समाजाने हीन मानले आणि ते घडवणाऱ्यालाही. 'पायातली वहाण पायातच बरी' ही म्हण वहाणेविषयी बोलत नाही, माणसांविषयी बोलते. जोडे झिजवणे, जोडे मारणे, आपल्या कातड्याचे जोडे करून घालणे, असे कितीतरी वाक्प्रचार मराठीने जोड्यावरून घडवले. कलबुतावरून घडवलेला एकही आम्हांस आठवत नाही.

ओळखीच्या पावलाकडून अनोळखी पावलाकडे जाण्याचा प्रवास अमेरिकेत झाला. थॉमस ब्लँचार्डने बंदुकीचे दस्ते कोरण्यासाठी एक चरक बनवला होता. नमुन्याबरहुकूम वेडेवाकडे आकार कापणारे हे यंत्र १८२० च्या सुमारास कलबुतांसाठीही वापरता येऊ लागले. त्यापूर्वी दोन शतके युरोपात उजव्या-डाव्याचा भेद न करणारे सरळ जोडेच सर्रास घातले जात. आपल्या उत्तरेकडच्या जुतीत तो भेद आजही नसतो. यंत्राने उजव्या-डाव्याची जुळी कलबुते एकसारखी आणि हवी तितकी निघू लागली. तरी कलबुतावर चामडे ताणून बसवण्याचे काम हातांनाच जमे. यान अर्न्स्ट मात्झेलिगर हा १८५२ मध्ये सुरिनाममध्ये कृष्णवर्णीय मातेच्या पोटी जन्मलेला तरुण मॅसॅच्युसेट्समधल्या लिन गावी बुटांच्या कारखान्यात काम करी. त्याने त्या हातांच्या हालचाली निरखून यंत्र रचले आणि १८८३ मध्ये त्याला एकाधिकार मिळाला. कुशल कारागीर दिवसाला पन्नासेक जोड बसवी. यंत्राने काही शेकडे बसवता येऊ लागले. बूट स्वस्त झाले. मात्झेलिगर १८८९ मध्ये, चाळिशीही न गाठता, क्षयाने वारला. कमान उभी राहिली आणि आधार निघाला.

आपल्याकडे विलायती कलबूत आले ते सत्तेच्या पावलांनी. साहेबासमोर देशी माणसाने जोडे काढून उभे राहावे, असा दंडक होता. १८५४ मध्ये गव्हर्नर जनरलच्या सरकारने ठराव करून सूट दिली, पण ती विलायती धाटणीचे बूट घालणाऱ्यांना. देशी जोडा दाराबाहेर, विलायती बूट दाराच्या आत. माणूस तोच, चामडेही कदाचित तेच. मान राखला जाणार की नाही, हे त्या चामड्याखाली कोणते लाकूड होते यावर ठरत होते. पुढे मापेही तिकडचीच आली. इंग्रजी क्रमांकातले अंतर एक तृतीयांश इंचाचे, म्हणजे जवाच्या एका दाण्याच्या लांबीचे. आपल्या शास्त्रांतही आठ यवांचे एक अंगुल होते. धान्य एकच, पण बाजारात चालला तो त्यांचा दाणा.

त्या मापात आपले पाय मावतात का, याचा देशव्यापी शोध फार उशिरा झाला. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात ७९ ठिकाणी १,०१,८८० माणसांची पावले मोजली. भारतीय पाऊल सर्वसाधारणपणे युरोपीय व अमेरिकी पावलापेक्षा रुंद आहे, असे त्यातून दिसले, आणि 'भा' नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवली गेली. म्हणजे पिढ्यान् पिढ्या ज्यांना बूट चावत होता, त्यांचा पाय चुकीचा नव्हता.

कोल्हापुरी चप्पल या कथेत वेगळी उभी आहे. तिची परंपरागत घडण कलबुतावाचून होते. तळ नमुन्याबरहुकूम कापायचा, पट्टे वर शिवायचे, आणि उरलेला आकार घालणाऱ्याच्या पायाने द्यायचा. म्हणून नवी कोल्हापुरी काही दिवस चावते आणि मग जन्माची होते. २०१९ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांचे भौगोलिक मानांकन तिच्या नावे जाहीर झाले. जून २०२५ मध्ये प्राडाने मिलानमध्ये तशाच चपला मंचावर आणल्या, तेव्हा मुळाचा उल्लेख नव्हता. टीका झाल्यावर तो आला. इथे साचा लाकडाचा नव्हता, पिढ्यांच्या हातांचा होता. आणि तोही आकार सिद्ध झाल्यावर बाहेर काढला गेला होता.

दोन दिवसांनी आम्ही माजिवड्याला गेलो. चर्मकारांनी बुटातून आधी पाचर काढली, मग लाकूड, आणि ते पेटीत ठेवले. बूट आता रिकामा असूनही आकार धरून होता. आम्ही त्यांना त्या लाकडाचे वय विचारले. ते म्हणाले, "वडलांचं आहे. त्यांनी कोणाच्या पायावरून केलं, ते मात्र त्यांनाच ठाऊक."