उभ्या गाडीची वीज



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ हे व्याख्यान होते, ते आम्हांला विज्ञान शिकवीत. मी मात्र आयुष्यभर मराठी शिकवले. तेव्हा बॅटरीच्या इतिहासावर मी बोलावे, याचे आपणांस नवल वाटणे साहजिक आहे. पण या विषयात गुरुजींचे एक जुने ऋण माझ्यावर आहे आणि एक अलीकडची चूकही माझ्या नावावर आहे.

चूक आधी सांगतो. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि आपल्या शाळेची व्हॅन मैदानाच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी राहिली. तेथे विजेची जोडणी नाही. पावसाळ्यापूर्वी चालकांनी समितीकडे एक लहानसे सौर पॅनेल मागितले. ‘बंद गाडीला वीज कशाला?’ असे विचारणारा सभासद मीच होतो. १ जानेवारी २०२१ रोजी दहावीचे वर्ग पुन्हा उघडले. गावाकडच्या मुली सडकेवर वाट पाहत उभ्या होत्या आणि इकडे किल्ली फिरवताच व्हॅनमधून नुसता ‘टक्’ असा आवाज आला. दोघी चालत आल्या, दुसरा तास संपता संपता पोहोचल्या. तिसरीला तिच्या वडिलांनी पुढे आठवडाभर पाठवलेच नाही.

त्यानंतर मी जे वाचले, त्याने माझा प्रश्नच किती अज्ञानाचा होता हे कळले. १८५९ साली गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने शिशाचे दोन पत्रे मध्ये कापड घालून गुंडाळले आणि सौम्य गंधकाम्लात बुडवले. व्होल्टाने १८०० मध्ये रचलेली चळत एकदा संपली की संपली. प्लांतेचा घट मात्र पुन्हा पुन्हा भरता येई. पण भरायचा कशाने? लंडन आणि न्यूयॉर्क येथील पहिली वीजकेंद्रे १८८२ मधली, म्हणजे तेवीस वर्षांनंतरची. प्लांतेने आपला घट दुसऱ्या रासायनिक घटांनी भरला. घरात तारेने येणाऱ्या विजेपेक्षा ही बॅटरी वयाने मोठी आहे. तारेवाचून भरले जाणे हा तिचा जन्मापासूनचाच संसार होय.

हाच प्रयोग गुरुजींनी आम्हांला करून दाखवला होता. काचेच्या भांड्यात शिशाच्या दोन पट्ट्या, आम्ल, आणि भरायला टॉर्चचे सेल. थोड्या वेळाने एक चिमुकला दिवा क्षणभर लागला. ‘पाहिलेत? ठेवलेली वीज परत मिळाली,’ असे ते म्हणाले होते. मी ते वाक्य वहीत लिहून घेतले आणि विसरलो.

मोटारीशी या घटाचे लग्न लागायला वेळ लागला. सुरुवातीच्या गाड्या हँडल मारून सुरू होत आणि हँडल उलटे फिरले तर मनगट मोडे. १९१२ मध्ये चार्ल्स केटरिंग याचा विजेचा स्टार्टर कॅडिलॅक गाडीत आला. इंजिन सुरू करणारे यंत्रच पुढे जनित्र होऊन बॅटरी भरू लागले. येथेही तारेचा संबंध नाही. मात्र गाडी चालली पाहिजे, ही अट आली. आपल्याकडे हँडल पुष्कळ वर्षे टिकले. माझ्या लहानपणी बेळगावात ट्रकवाले रात्री गाडी उतारावर लावीत, सकाळी ढकलून गिअरमध्ये टाकता यावी म्हणून. बॅटरीवर फार विश्वास टाकायचा नाही, हे त्या मंडळींना ठाऊक होते.

उभ्या गाडीत नेमके काय होते? बॅटरीत सहा घट असतात. पूर्ण भरलेली असताना सुमारे १२.६ व्होल्ट, बारापर्यंत उतरली की जवळजवळ रिकामी. घड्याळ, धोक्याची घंटा अशी उपकरणे किल्ली काढल्यावरही थोडी वीज खातात. ती ३० मिलिअँपिअर धरली, तरी ६० अँपिअर-तासांची बॅटरी सुमारे चाळीस दिवसांत निम्मी होते. शिवाय ती आपोआपही झिरपते, आणि उन्हाळ्यात अधिक. रिकामेपणी पत्र्यांवर शिसे-सल्फेटचे स्फटिक जमतात आणि कालांतराने कठीण होतात. मग वीज दिली तरी ते विरघळत नाहीत. आमची बॅटरी वापरून संपली नव्हती, पडून मेली होती. ऋण टोकाची तार काढली असती तर उपकरणांची गळती थांबली असती, पण स्वतःची झीज नव्हे. अधूनमधून पाच मिनिटे इंजिन चालू ठेवण्याचा उपायही तोकडाच; त्यापेक्षा अर्धा तास फिरवून आणलेली बरी.

चालकांनी मागितलेल्या उपायालाही इतिहास आहे. १९५४ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन यांनी सिलिकॉनचा सौर घट तयार केला. तो पडलेल्या उन्हाच्या सुमारे सहा टक्क्यांची वीज करी. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर १९५५ मध्ये, जॉर्जिया राज्यातील अमेरिकस या गावी टेलिफोनच्या खांबावर अशा घटांचे पॅनेल बसवून त्यावर दूरध्वनीमार्गाची बॅटरी भरण्यात आली. दिवसा ऊन साठवायचे, रात्री वापरायचे. आमच्या चालकांची मागणी याहून वेगळी नव्हती.

मार्च २०२१ मध्ये नव्या बॅटरीसोबत वीस वॉटचे पॅनेल बसवले. ते काचेच्या आत नव्हे, शेडवर दक्षिणेकडे कलते आहे. चांगल्या उन्हात दिवसाला चारएक अँपिअर-तास मिळतात, गरज एकाची. म्हणूनच मध्ये नियंत्रक बसवावा लागतो, नाहीतर बॅटरी जादा भरून पाणी आटते आणि रात्री वीज उलटी पॅनेलकडे जाऊ शकते. बॅटरीजवळ तारेत फ्यूजही आहे. सिगारेट-लायटरच्या खोबणीत जोडून भागेल असे मी सुचवले होते. किल्ली काढली की पुष्कळ गाड्यांत ती खोबण मृत होते, हे चालकांनी मला शांतपणे समजावले. मराठीच्या प्राध्यापकाने त्या दिवशी पुष्कळ ऐकून घेतले.

खरी परीक्षा बेळगावच्या जुलैची होती. आठवडाच्या आठवडा सूर्य दिसत नाही, पण ढगाळ उजेडातही पॅनेल अगदीच रिकामे बसत नाही. चालकांनी शेडमध्ये एक वही टांगली आहे. दर सोमवारी सकाळी मीटर लावून ते आकडा लिहितात. त्या पहिल्या पावसाळ्यातील सर्वांत खालचा आकडा १२.५ आहे. त्याखाली त्यांनी लिहिले आहे : ‘पाऊस सहा दिवस. गाडी एका किल्लीत सुरू.’