कापसाची प्रतवारी : नजरेचे शिक्षण

परभणी जिल्ह्यातील वालूर हे सेलू तालुक्यातील गाव कापूस पिकवणाऱ्या मराठवाड्यात येते. अशा गावांत कापसाचा भाव प्रतीवर ठरतो आणि ही प्रत दीर्घकाळ डोळ्यांनी व बोटांनीच ठरवली जात असे.

प्रतवारी करणारा रंग, चमक, काडीकचरा आणि कवडीचे (डागाळलेल्या, खराब कापसाचे) प्रमाण पाहतो. मग रुईचा पुंजका चिमटीत धरून तो पुन्हापुन्हा ओढतो, तंतू समांतर करतो आणि त्यांची लांबी अजमावतो. हे कौशल्य नवशिका जुन्या जाणकाराच्या हाताखाली शिके. प्रमाण नमुने शेजारी ठेवून तुलना केली की नजर पक्की होते. रंग बदललेला भासू नये म्हणून उत्तरेकडून येणारा प्रकाश पसंत केला जाई.

1924 मध्ये मुंबईत माटुंग्याला कापूस तंत्रज्ञान प्रयोगशाळा सुरू झाली आणि अंदाजाला मोजमापाची जोड मिळाली. 1972 मध्ये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली. शेतकऱ्याचा पैसा प्रतीशी बांधला गेल्याने खरेदी केंद्रावर प्रतवारी करणाऱ्या ग्रेडरच्या निर्णयाला मोठे वजन आले. आता तंतूची लांबी, ताकद आणि तलमपणा यंत्रे मोजतात. तरी गाडीतल्या कापसाची पहिली पारख बाजारात नजरेनेच होते.