येडशीचा घाट आणि पक्ष्यांची मोजदाद

येडशीजवळ रामलिंगच्या घाटात जटायूची समाधी दाखवितात. पक्ष्याचे असे स्मरण ठेवणाऱ्या या मुलखात पक्ष्यांची शास्त्रीय पाहणी मात्र उशिरा आली. त्या काळी बार्शी इंग्रजीत, तर येडशी मोगलाईत. निझामाच्या राज्यातील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी सालिम अली यांनी १९३१-३२ मध्ये केली. हाती नोकरी नव्हती. तरी श्रमाचे मोल नको, दरबाराने केवळ खर्च सोसावा, एवढेच त्यांचे मागणे. पत्नी तेहमिना मुक्कामोमुक्काम सोबत असत. पक्षी बंदुकीने टिपून त्यांची कातडी जतन करीत. आज हे खटकते. पण अभ्यासकांना पटणारा पुरावा तेव्हा तोच होता. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून हा वृत्तांत पुढे प्रसिद्ध झाला.

कोणता पक्षी कोठे आढळतो, हे त्यातून कळले; किती आहेत, हे नव्हे. ती उणीव पुढे जाणवली. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात नान्नजच्या माळरानावर १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. तेथे शिरगणती होत गेली, म्हणूनच हा पक्षी हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उरल्याचे ध्यानी आले. येडशीच्या घाटाला अभयारण्याचा दर्जा मिळाला तो १९९७ साली.