बिनसहीची लढाई

पुण्याचे लोक एकदा सिंहगडावर जातात आणि वर्षभर सांगतात. आम्ही नागपूरकर सीताबर्डीची टेकडी चढलो तर बोलत नाही. कारण ऐकणारा लगेच म्हणतो, "ती स्टेशनजवळची? तिला काय चढणं म्हणतात जी?"

म्हणतात. फक्त १ मे रोजी चढून पाहावी. वरचा किल्ला लष्कराच्या ताब्यात. सामान्य माणसाला वर्षातून मोजकेच दिवस आत सोडतात. त्यातला महाराष्ट्र दिन असा, की त्या दिवशी नागपूरचा कावळासुद्धा सावली सोडत नाही.

डोक्याला दुपट्टा, खिशात सौ.ने कोंबलेला कांदा आणि सोबत चिरंजीव, अशी आमची मोहीम निघाली. अर्ध्या चढावर मी तटाच्या सावलीत बसकण मारली. हा तट इंग्रजांनी लढाईनंतर बांधला. सावलीपुरते मी त्यांना माफ केले.

"बाबा, काहून थांबले?"

दम लागला असे बाप कधी सांगत नाही. मी म्हणालो, "इतिहास सांगायला. २६ नोव्हेंबर १८१७ ची संध्याकाळ. या टेकडीवर आणि शेजारच्या धाकट्या टेकडीवर इंग्रजांची फौज, दीड हजाराच्या आत. समोर अप्पासाहेब भोसल्यांची, १८,००० च्या आसपास. रात्रभर गोळीबार. सकाळी आपल्या अरबांनी धाकटी टेकडी घेतलीसुद्धा!"

"मग जिंकलो?"

"नाही. फिट्झगेराल्डच्या घोडेस्वारांनी मैदानात मुसंडी मारून तोफा काबीज केल्या. धाकट्या टेकडीवर दारूचा स्फोट झाला, त्या गोंधळात तीही गेली. दुपारपर्यंत खेळ खलास."

"१८,००० असून? अप्पासाहेब कुठं होते?"

पोराने नेमके चुकलेल्या बेरजेवर बोट ठेवले. अप्पासाहेब मागेच राहिले होते. हरल्यावर त्यांनी रेसिडेंट जेंकिन्सला कळवले, की हा हल्ला माझ्या मर्जीने झालाच नाही! वीस वर्षे बँकेत काढून मला एवढे कळते, की सही नसलेला चेक वटत नाही, आकडा केवढाही असो. पण त्या चेकवर जी माणसे खर्ची पडली, त्यांची नोंद कोणत्या खात्यात करायची? नागपूरचे राज्य त्या दुपारी गहाण पडले आणि १८५४ मध्ये खालसाच झाले.

गंमत पुढेच आहे. मे १८१८ मध्ये कैदी म्हणून अलाहाबादकडे नेत असताना हेच अप्पासाहेब शिपायाच्या वेषात पहाऱ्यातून निसटले आणि महादेवाच्या डोंगरात शिरले. ऐन मे महिन्यात! घराजवळची एवढीशी टेकडी टाळली, तर नशिबाने अख्खा डोंगर चढायला लावला. १८४० मध्ये ते दूर जोधपूरला वारले.

"बाबा, तुम्ही इथंच बसता का वर येता?"

प्रश्न साधाच होता, पण १८१७ पासून तुंबलेला. मी उठलो.

वर पोचलो तेव्हा खिशातला कांदा अर्धा शिजला होता आणि मी पूर्ण. घरी सौ.ने विचारले, "खरंच वर गेले होते का जी?"

मी मुकाट्याने चिरंजीवांकडे पाहिले. साक्षीदाराची सही लागते ती अशाच वेळी.