वाकलेली मान कुणी वाकवली? देहबोली आणि जातीचा इतिहास

हल्ली गावोगावी 'व्यक्तिमत्त्व विकास' शिबिरांचे पेव फुटले आहे. तिथला प्रशिक्षक पहिल्याच तासाला सांगतो की, समोरचा डोळ्याला डोळा देत नसेल तर तो खोटे बोलतो आहे, खांदे पाडून बसला असेल तर त्याच्यात आत्मविश्वास नाही आणि हाताची घडी घातली असेल तर तो काहीतरी लपवतो आहे. वर एक आकडाही फेकतो: संवादाचा ९३ टक्के भाग शब्दांविना होतो! हा आकडा अल्बर्ट मेहरेबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ च्या प्रयोगांतून उचललेला आहे. ते प्रयोग बोलणाऱ्याची आवड-नावड ओळखण्यापुरते होते. सगळ्या संवादाला हा आकडा लावू नका, असे खुद्द मेहरेबियन यांनीच बजावले आहे. पण शिबिरवाल्यांना त्याचे काय?

माझा आक्षेप आकड्यापेक्षा मोठा आहे. देहबोली म्हणजे मनाचा आरसा, असे ही मंडळी गृहीत धरतात. पण देहाला ही बोली शिकवली कुणी, हा प्रश्न ते विचारतच नाहीत. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मार्सेल मॉस यांनी १९३४ साली एका व्याख्यानात मांडले होते की चालणे, बसणे, पोहणे यांसारख्या साध्या हालचालीसुद्धा माणूस समाजाकडून शिकतो. भारतात ही शिकवणी शतकानुशतके जातीने घेतली, आणि तीही दंडुक्याच्या धाकाने.

साध्या अभिवादनाचेच पाहा. ब्राह्मणांचा 'नमस्कार', मराठ्यांचा 'रामराम' आणि महारांचा 'जोहार'. जोहार हा नुसता शब्द नव्हता. तो कंबरेत वाकून, अंतर राखून, नजर जमिनीकडे ठेवून घालायचा होता. पाटलाचे सहा वर्षांचे पोर साठीच्या म्हाताऱ्या महाराला 'अरे-तुरे' करी आणि म्हातारा त्यालाच जोहार घाली. याला कोणी 'वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची संस्कृती' म्हणत असेल, तर इथे वडीलधारा कोण होता हे त्याने सांगावे.

अभिवादनावरची ही पहारेदारी फक्त अस्पृश्यांपुरती नव्हती. मुंबईतले काही सोनार ब्राह्मणांसारखे धोतर नेसू लागले, 'नमस्कार' म्हणू लागले. त्यावरून एवढा तंटा पेटला की १७७९ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने ठराव करून सोनारांना नमस्कार करायची मनाई केली. बाबासाहेबांनी आपल्या लेखनात हा दाखला दिला आहे. दोन हात कसे जोडायचे, हा सरकारी ठरावाचा विषय झाला होता!

दक्षिणेत त्रावणकोर संस्थानात नाडर स्त्रियांनी वरच्या जातींसमोर छाती उघडी ठेवावी, यालाच 'आदर' म्हणत. त्या स्त्रिया अनेक दशके लढल्या, मार खाल्ला, तेव्हा कुठे १८५९ मध्ये अंग झाकण्याची मुभा मिळाली. तीसुद्धा वरच्या जातींच्या स्त्रियांसारखे वस्त्र न घेण्याच्या अटीवर. इंदूरकडच्या बलाई समाजावर सवर्णांनी लादलेले नियम बाबासाहेबांनी 'जातिसंहारा'च्या १९३६ च्या भाषणात नोंदवले आहेत. जरीकाठी पागोटे घालायचे नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्या-चांदीचे दागिने घालायचे नाहीत. पटत नसेल तर गाव सोडायचे.

आता सांगा, या माणसांची देहबोली 'वाचून' तुम्हाला काय कळणार? मनात जे असते ते देह बोलतो, असे पुस्तके सांगतात. जातीने मात्र देहाला मनाविरुद्ध बोलायला लावले. वाकलेल्या मानेच्या आत किती संताप कोंडला होता, हे पाटलाला शेवटपर्यंत कळले नाही. चवदार तळ्यावर माणसे चालून गेली, तेव्हा त्याला धक्का बसला तो याचमुळे.

खरे तर वाचायची असेल तर दुसऱ्या बाजूची देहबोली वाचा. बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये १९०१ चा प्रसंग सांगितला आहे. भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले वडिलांकडे जायला निघून मसूर स्टेशनवर उतरली. मुले नीटनेटक्या कपड्यांत होती. स्टेशनमास्तर त्यांना ब्राह्मणाची मुले समजून आपुलकीने चौकशी करत होता. आपण महार आहोत हे त्यांच्या तोंडून निघाले आणि मास्तरचा चेहरा क्षणात पालटला. तो तिथून निघून गेला. मुलांच्या देहात काहीच बदलले नव्हते. त्यांचे कपडे, बोलणे, उभे राहणे सगळे तेच होते. बदलला तो पाहणाऱ्याचा देह. देहबोलीच्या कुठल्याही पाठात हा प्रसंग पहिला शिकवायला हवा, कारण वाचणारा आधी जात वाचतो आणि मग देह वाचतो, हे त्यातून उघडे पडते.

बाबासाहेबांना देहाचे हे राजकारण पुरते ठाऊक होते. २० मार्च १९२७ रोजी महाडला ओंजळीने पाणी पिणे ही हालचाल किती साधी! पण तिने व्यवस्था हादरली. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेत त्यांनी स्त्रियांना स्पष्ट सांगितले की, ज्या लुगड्याच्या पद्धतीवरून आणि ज्या जाड दागिन्यांवरून तुमची जात ओळखू येते, ते टाकून द्या. हा फॅशनचा सल्ला नव्हता. देहावर मारलेला जातीचा शिक्का पुसण्याचा तो कार्यक्रम होता.

पुढे जोहार गेला आणि 'जय भीम' आला. तो रूढ करण्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास (१९०४–१९३९) यांना दिले जाते. 'जय भीम' म्हणताना म्हणणारा आणि ऐकणारा एकाच उंचीवर असतात. उत्तरही तेच, 'जय भीम'. आणि आपल्या वस्त्यांतला पुतळा पाहा. सूट-बूट, ताठ मान, हातात पुस्तक, वर उचललेले बोट. संसदेच्या आवारात १९६७ मध्ये उभा राहिलेला ब्रह्मेश वाघ यांचा ब्राँझचा पुतळाही याच बोटाचा. ज्या समाजाला नजर वर करायची बंदी होती, त्याला हे बोट रोज वर पाहायला शिकवते. पुतळ्यांची विटंबना का होते, याचे उत्तर याच बोटात आहे. २०१७ साली गुजरातेत लिंबोदरा गावी दलित तरुणांना मिशी ठेवली म्हणून मार बसला, त्यामागेही हेच दुखणे होते.

कोणी विचारेल, मग तुम्ही विहारात पंचांग प्रणाम करताच ना? करतो. पण तिथे कोणी दंडुका घेऊन उभा नसतो आणि शेजारचा प्रत्येक जण तितकाच वाकतो. अपमान वाकण्यात नसतो, सक्तीत असतो.

हा इतिहास संपलेला नाही. मी वस्तीतल्या मुलामुलींची मुलाखतीची तयारी घेते. विषय उत्तम येणारी मुलगी खुर्चीच्या कडेला बसते, उत्तर देताना टेबलाकडे पाहते आणि 'कॉन्फिडन्स कमी' असा शेरा घेऊन परतते. लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत मुलाखतीला २७५ गुण आहेत. त्यातले किती गुण ज्ञानाचे आणि किती तीन पिढ्या खुर्चीवर बसल्याच्या सवयीचे? पोलीस चौकीत तर खाली गेलेली नजर गुन्ह्याची खूण ठरते. खोटे ओळखण्याच्या शेकडो प्रयोगांचा आढावा चार्ल्स बाँड आणि बेला डीपाउलो यांनी २००६ मध्ये घेतला, तेव्हा माणसांचा अंदाज सरासरी ५४ टक्केच बरोबर निघाला. म्हणजे नाणेफेकीपेक्षा जेमतेम बरा. एवढ्यावर कोणाचे भवितव्य ठरवणार?

म्हणून मुलाखत घेणाऱ्यांनी, शिक्षकांनी आणि पोलिसांनी मान कशी आहे ते मोजणे थांबवून उत्तर काय आहे ते तपासावे. सर्वांना समान प्रश्न विचारावेत आणि उत्तरालाच गुण द्यावेत.

आणि आपल्या मुलांनी डोळ्यांत डोळे घालून बोलायला जरूर शिकावे. पण हे हजारो रुपये मोजून विकत घ्यायचे कौशल्य आहे, या भ्रमात राहू नये. ते आपल्या आजीने महाडनंतर लुगडे बदलून कमावलेले आहे. कचेरीत साहेबासमोर आई आजही उभीच राहत असेल, तर तिची लाज वाटू देऊ नका. तिच्यासाठी खुर्ची ओढा.

जय भीम!