ओपस संचिकेचे मधून विसंकेतन

ओपस संचिकेचे मधून विसंकेतन म्हणजे ओपस पद्धतीने संपीडित केलेले ध्वनिमुद्रण आरंभाऐवजी मधल्या एखाद्या क्षणापासून ऐकण्याची प्रक्रिया होय. ओपस हे ध्वनिसंकेतन इंटरनेट इंजिनिअरिंग टास्क फोर्सने २०१२ मध्ये प्रमाणित केले.

यात ध्वनीचे लहान तुकडे केले जातात. त्यांना चौकटी म्हणतात. चौकट सामान्यतः २० मिलिसेकंदांची असते. उच्चारातील स्वरांच्या लहरी जवळजवळ तशाच पुन्हा पुन्हा येतात. म्हणून बोलणे साठवताना आधीच्या ध्वनीशी असलेले साम्य आणि उरलेला फरक एवढेच नोंदवले जाते. त्यामुळे जागा वाचते. मात्र मधलीच चौकट उघडल्यास विसंकेतकाजवळ मागील ध्वनीची स्मृती नसते व आरंभीचा ध्वनी विकृत होतो.

ओपस ध्वनी बहुधा ओग प्रकारच्या संचिकेत ठेवतात. ती पानांत विभागलेली असून प्रत्येक पानावर ठरावीक खूण व कालदर्शक अंक असतो. त्यांच्या आधारे इच्छित क्षण सापडतो. त्या क्षणाच्या किमान ८० मिलिसेकंद आधी विसंकेतन सुरू करावे व तेवढा ध्वनी टाकून द्यावा, अशी शिफारस २०१६ च्या प्रमाणकात आहे. मुलाखतीचा उतारा ऐकताना ही दक्षता न घेतल्यास पहिलाच उच्चार अस्पष्ट होऊ शकतो.