राजा स्वेर्रे आणि त्याचा वारसाहक्क

नॉर्वेचा राजा स्वेर्रे (मृत्यु इ. स. १२०२) हा राजपुत्र होता की तोतया, हा प्रश्न त्याच्या हयातीतच उपस्थित झाला व अद्यापि अनिर्णीत आहे. फेरो बेटांत, बिशप असलेल्या चुलत्याच्या आश्रयाने तो वाढला व त्याने धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली. पुढे आपला खरा पिता इ. स. ११५५ मध्ये मारला गेलेला राजा सिगुर्ड मुन होय, असे मातेकडून कळल्यावरून तो ११७६ मध्ये नॉर्वेत आला. व पुढील वर्षी, दारिद्र्यामुळे पायांस भूर्जाची साल गुंडाळणाऱ्या ‘बिर्केबाइनर’ बंडखोरांचा नायक झाला.

या वृत्तान्ताचा मुख्य आधार ‘स्वेर्रेची सागा’ हा ग्रंथ होय. परंतु त्याचा आरंभीचा भाग आइसलंडमधील मठाधिपति कार्ल योन्सन याने खुद्द राजाच्या देखरेखीखाली लिहिला. म्हणजे येथे साक्षीदार व दावेदार एकच ठरतात. शिवाय धर्मनियमानुसार दीक्षेस वयाची ३० वर्षे पूर्ण व्हावी लागत. तो नियम पाळला गेला असल्यास स्वेर्रेचा जन्म ११४६ नंतरचा असू शकत नाही. आणि सिगुर्ड तर ११३३ चा! अर्थात् दूरस्थ बेटांत हा नियम काटेकोरपणे पाळला जाई, असे गृहीत धरता येत नाही.

तथापि प्रतिस्पर्धी माग्नुस एर्लिंगसन याचा हक्क तरी निर्वेध होता काय? तो औरस खरा, पण राजवंशाशी त्याचा संबंध मातेकडून होता. जुन्या रूढीप्रमाणे राजाचा पुत्र, मग तो औरस असो वा अनौरस, गादीस पात्र असे. ११६३ च्या नियमाने ज्येष्ठ औरस पुत्रास अग्रमान दिला व धर्मपीठाने त्यास पाठिंबा दिला. सारांश, हा कलह दोन व्यक्तींइतकाच वारसाहक्काच्या दोन कल्पनांचाही होता. ११८४ मध्ये फिमराइटे येथील आरमारी लढाईत माग्नुस पडला आणि निर्णय शस्त्राने झाला. धर्मपीठाने मात्र तो मानला नाही. ११९४ मध्ये राज्याभिषेक करवूनही स्वेर्रे बहिष्कृतच राहिला.

सिगुर्डचा पिता हाराल्ड गिले याने तप्त लोहाचे दिव्य करून आपले राजपुत्रत्व सिद्ध केले होते. स्वेर्रेने तसे केल्याचे आढळत नाही. उलट, हाकोनवाचून आपणास दुसरा हयात पुत्र नाही, असे त्याने मृत्युसमयी जाहीर केल्याचे सागा सांगते. ज्या दाराने तो आत आला, ते त्याने जाताना बंद केले. त्याच्या जन्माविषयी यावरून काही सिद्ध होत नाही. पण असा दावा किती सहज उभा करता येतो, हे त्याच्याइतके कोणी जाणत नव्हते, एवढे निश्चित.